चिखलदऱ्याचे चार दिवस

गेल्या उन्हाळ्यांत आमचा धाकटा पुतण्या हिमालयांतील एका उंच खिंडीपर्यंत पायीं जाऊन आला. परतल्यावर तीन रात्री त्यानें सगळें घर माजघरांत बसवून छायाचित्रें दाखविलीं. बर्फानें झांकलेलीं शिखरें, दगडावर दगड रचून केलेलीं घरें, केंसाळ याक, गळ्यांत पोवळ्यांच्या माळा घातलेल्या म्हाताऱ्या, हें तर होतेंच. परंतु तेथील लोक काय पिकवितात, मुलगी कशी देतात, मेलेल्या माणसाचें काय करतात, हेंही त्यानें मोठ्या आस्थेनें सांगितलें. आमच्या काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर. काशीच्या पलीकडे त्यांचें पाऊल कधीं पडलेलें नाहीं. हातांतील वाती बाजूला ठेवून त्या ऐकत होत्या. तिसऱ्या रात्रीं त्यांनीं विचारलें, “तें सगळं खरं रे बाबा, पण आपल्या चिखलदऱ्यावर राहतात ते लोक काय खातात?”

पुतण्यास उत्तर देतां आलें नाहीं, आणि आम्हांसही आलें नाहीं. वास्तविक अमरावतीहून चिखलदरा कांहीं दूर नाहीं. परतवाड्यावरून गेलें तर सुमारें ऐंशी किलोमीटर. आमच्या घराण्यांतील प्रत्येक पिढी उन्हाळ्यांत केव्हां ना केव्हां तेथें जाऊन आलेली. देवीचें दर्शन घ्यावें, भीमकुंडांत डोकवावें, किल्ल्यावर बरोबरच्या पोळ्या खाव्या, खवा बांधून घ्यावा आणि दिवेलागणीस घाट उतरावा, असा परिपाठ. त्या डोंगरावरचीं माणसें आम्हीं पाहिलीं होतीं. पण मोटारीच्या कांचेंतून. काकूंचा प्रश्न मनास लागून राहिला. गौरींबरोबर आमच्याकडे गणपतीचें विसर्जन होतें. तेथून पितृपंधरवडा लागेपर्यंत जे सहा-सात दिवस मोकळे मिळतात त्यांतले चार चिखलदऱ्यास काढावे, असें ठरलें. काकू, आमचें कुटुंब, थोरल्या वहिनी, तो पुतण्या आणि दोन शाळकरी मुलें एवढा आमचा मेळा होता.

भाद्रपदांतील वऱ्हाड ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस आमच्या या मुलखाची उन्हाळ्यांतली करपलेली मुद्राच तेवढी ठाऊक असते. काळी जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली, कपाशीला पिवळीं फुलें आलेलीं, तुरी गुडघाभर. आमच्या लहानपणीं जेथें ज्वारीचीं शेतें डुलत तेथें आतां बहुतेक सोयाबीन दिसतें. आसेगांवापाशीं पूर्णा ओलांडली कीं उत्तरेस गाविलगडच्या रांगेची निळी रेघ उमटते, आणि पुढें प्रत्येक कोसाला ती जाड होत जाते. वाटेवर अचलपूर. लीळाचरित्रांतलें अळजपूर तें हेंच. पुढें इमादशाहीची ही राजधानी झाली, आणि इंग्रजांच्या कारकीर्दींत शेजारीं फौजेची छावणी पडून परतवाडा वाढला. मूर्तिजापुराहून येथवर येणारी ‘शकुंतला’ नांवाची चिमुकली आगगाडी आतां बंद आहे. मुलांना तिची गोष्ट सांगतांना आमच्या वहिनींचा कंठ थोडा दाटून आला. त्यांचें माहेर त्या मार्गावरचें, आणि लग्नांतलें वऱ्हाड त्याच गाडीनें आलें होतें.

परतवाडा सोडल्यावर घाट लागतो. सपाटीवरचा रखरखाट दोन-चार वळणांतच मागें पडतो. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, मध्येंच बांबूचीं बेटें. सागाला त्या वेळीं पांढुरक्या मोहोराचे तुरे आलेले असतात, आणि दुरून पाहतांना साऱ्या उतारावर कोणीं लाह्या उधळल्या आहेत असें वाटतें. आमच्या पुतण्यास मात्र हा घाट जरा ठेंगणा वाटला. “हिमालयापुढें हें म्हणजे टेकाड,” असें तो बोलून गेला. उंचीचा हिशेब त्याच्याच बाजूचा होता. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अवघा साडेतीन हजार फुटांच्या थोडा वर. परंतु मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकानें आमची बाजू राखली. हा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या तप्त रसाचा, थरावर थर बसून झालेला. आणि हिमालयानें डोकें वर काढण्यास प्रारंभ केला तो त्याच्याही मागाहून. म्हणजे नात्यानें हें टेकाड थोरलें आहे. काकूंना ही गोष्ट इतकी आवडली कीं पुढचे चार दिवस पुतण्या कांहीं बोलूं लागला कीं त्या म्हणत, “धाकट्यानें गप्प बसावं.”

चिखलदरा म्हणजे डोंगराचा माथा तासून सपाट केल्यासारखें पठार आहे. जेथें पठार संपतें तेथें तें एकदम संपतें, आणि पायाखालीं दरी पडते. पावसाळ्यांत धुकें दरींतून वर चढतें, रस्ता ओलांडतें, घरांत शिरतें आणि पुन्हा पलीकडच्या दरींत उतरतें. पंचबोलच्या कड्यावर मुलांनीं एकमेकांचीं नांवें घेऊन हांका मारल्या, आणि समोरच्या कड्यांनीं त्या एकामागून एक परत केल्या. देवीच्या गुहेंत वरून सारखें पाणी ठिबकतें. तेथें काकूंनीं ओटी भरली. कॉफीचीं झुडपें पाहिलीं. महाराष्ट्रांत कॉफीसाठीं नांवाजलेलें हेंच ठिकाण. गवळ्याकडची रबडी खाल्ली. या स्थळांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलेलीं आहेत, म्हणून आम्ही तेथें रेंगाळत नाहीं.

नांवाविषयीं मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. भीमानें कीचकाला मारून येथल्या दरींत फेंकलें म्हणून कीचकदरा, आणि त्याचा चिखलदरा, असें जो तो सांगतो. रक्तानें माखलेले हात त्यानें धुतले तें भीमकुंड. जवळच, चिखलदऱ्याहूनही उंचावर, वैराट नांवाची जागा आहे. ती विराटाची नगरी. वास्तविक मत्स्यदेशाची राजधानी विद्वान् लोक राजस्थानांतील बैराट येथें दाखवितात, आणि आमच्या वांईच्या आप्तांना विचारलें तर विराटनगरी वांईच. एका राजाला इतक्या राजधान्या कशा पुरल्या, कोण जाणे! परंतु मुलांपुढें हा वाद आम्हीं काढला नाहीं. धुक्यांतून ती दरी पाहिली म्हणजे कीचक तेथें पडला नसला तरी पडावयास योग्य स्थळ तेंच, असें कोणासही वाटेल. दुसरी कथा इंग्रजांची आहे. १८२३ सालीं हैदराबाद फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन यानें चिखलदऱ्याचा ‘शोध लावला’ असें पुस्तकांतून छापलेलें असतें. त्या डोंगरावर गवळी आपलीं गुरें चारीत होते, कोरकू शेती करीत होते, आणि हांकेच्या अंतरावर चारशें वर्षांचा किल्ला उभा होता. साहेबानें थंड हवेचा शोध लावला, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

तो किल्ला गाविलगड. मूळचें ठाणें गवळ्यांचें, म्हणून हें नांव, असें सांगतात. १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहा यानें तो पक्का बांधून काढला. पुढें बहामनी राज्य फुटूं लागलें तेव्हां वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमादउल्मुल्क हा स्वतंत्र झाला आणि त्यानें किल्ल्याची मोठी डागडुजी केली. हा फत्तेउल्ला जन्मानें विजयनगरच्या मुलखांतला कानडी हिंदु. लहानपणीं लढाईंत सांपडून मुसलमान झालेला, असें फिरिस्ता लिहितो. किल्ल्याच्या एका दरवाज्यावर दगडांत कोरलेला दोन तोंडांचा पक्षी आहे. त्यास गंडभेरुंड म्हणतात, आणि तें विजयनगरकडचें चिन्ह आहे. आमच्या कुटुंबानें तो पक्षी पाहून विचारलें कीं, लहानपणीं पकडून नेलेल्या मुलानें म्हातारपणीं हा पक्षी कोरविला असेल काय? इतिहासानें याचें उत्तर ठेवलेलें नाहीं. पण आम्ही त्या दरवाज्यापाशीं वाजवीहून अधिक वेळ थांबलों खरे.

मराठी माणसानें गाविलगडावर जावें तें १८०३ चा डिसेंबर आठवण्यासाठीं. २९ नोव्हेंबरला अडगांवच्या मैदानांत नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली आणि उरलेलें सैन्य या किल्ल्यांत शिरलें. इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली. ज्यानें बारा वर्षांनीं वॉटर्लूवर नेपोलियनला हरविलें तोच. दक्षिणेकडून चढणें कठीण म्हणून त्यानें कर्नल स्टीव्हन्सनला डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या अंगाला, लाबडा गांवाकडे धाडलें. जेथें वाट नव्हती तेथें वाट पाडीत, माणसांनीं आणि बैलांनीं जड तोफा ओढीत ती फौज चार-पांच दिवसांत तेथें पोंचली. तट फुटले, आणि १५ डिसेंबरला सुलतानढवा झाला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडचें वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें. पुढें १८५८ सालीं, तात्या टोपे याच्या हातीं लागूं नये म्हणून, इंग्रजांनीं किल्ला निकामी केला. आतां तेथें फुटके बुरूज, शेवाळलेले तलाव, गंजलेल्या तोफा आणि कमरेएवढें गवत आहे. मुलें तोफेवर बसून छायाचित्रें काढवून घेत होतीं; तोफ बरीच सहनशील दिसली.

याच किल्ल्याच्या वाटेवर आम्हांस तो म्हातारा भेटला. वाटाड्या पाहिजे का, असें त्यानें विचारलें. अंगांत खाकी सदरा, डोक्याला मळका पांढरा पटका, हातांत बांबूची काठी. वय विचारलें तर हंसला. वऱ्हाडी व हिंदी यांची सरमिसळ करून तो बोले, आणि आपल्या माणसाशीं बोलतांना एकदम तिसऱ्याच भाषेंत शिरे. काकूंना धाप लागली कीं तोच आधीं थांबे आणि म्हणे, “बस वं माय, गड काई पयून नाही चालला.” दोन दिवसांत काकू त्याच्याशीं इतकें बोलल्या, जितकें त्या आमच्याशीं वर्षांत बोलत नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं सरळ सांगितलें कीं, स्थळें पुरे झालीं. याच्या गांवाला चला.

गांव चार-पांच किलोमीटरवर होतें. कोरकूंचें गांव जवळून पहावयाचें तें त्याच्या रचनेसाठीं. मध्यें रुंद रस्ता, आणि दोन्ही बाजूंस समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी. कुडाच्या भिंती पांढऱ्या मातीनें सारविलेल्या, अंगण शेणानें नितळ केलेलें. सबंध रस्त्यावर आम्हांस केराची एक काडी दिसली नाहीं. आमच्या अमरावतींतल्या गल्लीचें स्मरण होऊन आम्ही गप्प राहिलों. शाळेच्या भिंतीवर मुलांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. काकू तीं चष्मा लावून वाचूं लागल्या: बेठेकर, कास्देकर, जांबेकर. “जांबेकर? म्हणजे बाळशास्त्र्यांचे कोणी?” १८३२ सालीं ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचा येथें कांहीं संबंध नव्हता. कोरकूंत कुळांचीं नांवें पुष्कळदां झाडांवरून पडलेलीं असतात. जांबू म्हणजे जांभूळ, आणि सरकारी दप्तरांत त्याचा जांबेकर झाला. आमचा वाटाड्याही त्याच कुळाचा निघाला.

या लोकांच्या भाषेविषयीं पुतण्यानें आधींच कांहीं वाचून ठेवलें होतें, आणि त्या दिवशीं त्याचें ऐकून घ्यावें लागलें. कोरो म्हणजे माणूस. त्याचें अनेकवचन कोरकू. आपली मराठी संस्कृताच्या कुळांतली, शेजारच्या गोंडांची गोंडी तेलुगु-कानडीच्या कुळांतली. कोरकू या दोहोंपैकीं कोणाचीही नाहीं. ती संथाळी आणि मुंडारी यांची बहीण, म्हणजे छोटा नागपूरच्या बाजूची. आणि फार लांबच्या नात्यानें कंबोडियाची ख्मेर व व्हिएटनामची भाषा या तिच्या चुलत बहिणी लागतात. त्या सबंध कुळांतली सर्वांत पश्चिमेची घरकरीण ती येथें सातपुड्यांत राहिली आहे. मेळघाटांतल्या सिपना नदीचें नांव आम्ही लहानपणापासून घेत आलों. सिपना म्हणजे त्यांच्या भाषेंत साग, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. वाघ तो कुला, घर तें उरा.

काकूंच्या मूळ प्रश्नाचें उत्तर म्हाताऱ्याच्या सुनेनें दिलें. कुटकीचा भात, मक्याची आणि ज्वारीची भाकर, पावसाळ्यांत रानांतला पाला आणि बांबूचे कोवळे कोंब, उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें. तिनें हें बोटांवर मोजून सांगितलें, आणि मोजणें लवकर संपलें. मग ती आंत जाऊन घांसलेल्या लोट्यांत पाणी घेऊन आली. आमच्या घरांत काकूंचें सोंवळें सर्वांस ठाऊक आहे. प्रवासांत त्यांचा तांब्या निराळा, आणि परक्या हातचें पाणी त्यांनीं उभ्या जन्मांत घेतलेलें नाहीं. वहिनींनीं घाईनें आमचा तांब्या पुढें केला. काकूंनीं तो न घेतां सुनेच्या हातांतला लोटा घेतला, वरून धार धरून पाणी प्याल्या आणि विचारलें, “याला तुमच्यांत काय म्हणतात गं?” “डा,” सून म्हणाली. “डा,” काकू म्हणाल्या, आणि लोटा खालीं ठेवला. आम्हीं सर्वांनीं दुसरीकडे पाहिलें.

दुपारीं म्हाताऱ्यानें मुलांना जगाची गोष्ट सांगितली. सातपुड्यांत कोणीच मनुष्य राहत नाहीं हें पाहून रावणाला वाईट वाटलें आणि त्यानें महादेवाची प्रार्थना केली. (रावण म्हणतांच आमच्या धाकट्यानें तोंड वेंगाडलें, कोरकू रावणाला आणि मेघनादाला मान देतात, हें त्यास समजाविण्यास कांहीं वेळ लागला.) महादेवानें कावळ्याला धाडून वारुळाची तांबडी माती आणविली आणि तिच्या दोन बाहुल्या केल्या. पण रात्रीं इंद्राचे घोडे येऊन त्या तुडवून जात. तेव्हां महादेवानें आधीं कुत्रा केला. कुत्रा भुंकला, घोडे पळाले, आणि बाहुल्यांत जीव आला. पुरुष तो मुला, बाई ती मुलाई. सगळे कोरकू त्यांचींच लेकरें. माणसाच्या आधीं कुत्रा झाला, हें ऐकून मुलें फारच प्रसन्न झालीं.

गांवाबाहेर एका मोठ्या झाडाखालीं लांकडाचे कोरीव खांब रोंवलेले होते. कोणी पांच-पंचवीस वर्षांचे, ऊनपावसानें राखाडी पडलेले. एक-दोन नवे, तेलकट. त्यांस मुंडा म्हणतात. सागाच्या लांकडावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला असतो. कोरकू लोक प्रेत पुरतात. परंतु माणूस पुरला म्हणजे तो पितरांत गेला असें होत नाहीं. त्यासाठीं पुढें केव्हांतरी सिडोली नांवाचा विधि करावा लागतो. भावकी जमवावी लागते, बकरा लागतो, सगळ्यांना जेवण लागतें, आणि आपल्या कुळाच्या जागीं मुंडा उभारावा लागतो. तोंवर मेलेला माणूस अधांतरीं असतो. म्हाताऱ्यानें आपल्या बायकोचा मुंडा दाखविला काय, असें काकूंनीं विचारलें. तो म्हणाला, तो येथें नाहीं. त्याचें जुनें गांव आंत रानांत होतें, तें उठलें, आणि कुळाचें झाड आंतच राहिलें. आतां तेथें जाण्यास परवानगी लागते.

“आन् पोराची सिडोली राह्यली जी,” तो थोड्या वेळानें म्हणाला. मुलगा जाऊन अकरा वर्षें झालीं होतीं.

“मग तो आतां कुठं आहे बाबा?” काकूंनीं विचारलें.

“इथंच फिरते जी. घराच्या भवती.”

काकू कांहीं बोलल्या नाहींत. परत येतांना वाटेंत त्या आमच्या कुटुंबास म्हणाल्या, “म्हणजे सपिंडी झाली नाही.” बाराव्या दिवशीं सपिंडीकरण होऊन प्रेत पितरांत मिळतें, हें आपल्या घरांतलें लहान मूलही जाणतें, पण तोच खटाटोप, तेंच भय आणि तोच खर्च आपल्यापासून ऐंशी किलोमीटरवर, निराळ्या कुळाच्या भाषेंत चाललेला आहे, हें आम्हांस कोणींच सांगितलेलें नव्हतें. खरें म्हणजे आम्हीं विचारलेंच नव्हतें.

‘तें उठलें’ या दोन शब्दांचा अर्थ येथें थोडा सांगितला पाहिजे. १९७३ सालीं देशांत वाघ वांचविण्याची योजना निघाली तेव्हां पहिल्या नऊ रानांत मेळघाट होतें. त्यानें रानाचें कल्याण झालें, यांत शंका नाहीं. १८८४ नंतर कोणास न दिसल्यामुळें नाहींसा झाला असें समजला गेलेला रानपिंगळा १९९७ सालीं खानदेशांत सांपडला, आणि मेळघाटच्या सागवनांतही आहे असें दिसून आलें. असे पक्षी रान राखल्याशिवाय राहत नाहींत. परंतु वाघासाठीं मोकळें रान पाहिजे म्हणून बोरी, कोहा, कुंड हीं गांवें प्रथम उठलीं, आणि मागाहून आणखी कित्येक. मोबदला मिळाला, सपाटीवर नव्या वसाहती झाल्या. कोणाचें बरें झालें, कोणाचें नाहीं. अकोटच्या बाजूला आणलेल्या कांहीं गांवांतलीं कुटुंबें २०१९ च्या जानेवारींत पुन्हा रानांत परतलीं आणि तेथें चकमक झाली, हें वृत्तपत्रांत आपण वाचलें असेल. पुतण्याचें म्हणणें, वाघ राहिला नाहीं तर रान राहणार नाहीं, आणि रान राहिलें नाहीं तर कोरकूही राहणार नाहींत. काकूंचें म्हणणें, मग निदान वर्षांतून एक दिवस त्यांना त्यांच्या झाडापाशीं जाऊं द्यावें. आम्हांस दोघांचेंही पटतें, आणि दुसरें अधिक सोपें वाटतें.

मेळघाटचें नांव महाराष्ट्रांत दुमदुमलें तें मात्र वाघामुळें नव्हे. १९९३ च्या पावसाळ्यांत येथील लहान मुलें मोठ्या संख्येनें दगावलीं, त्या बातम्यांनीं राज्य हादरलें, आणि तेव्हांपासून आजवर समित्या, याचिका व योजना चालूच आहेत. आजार कोणता, असें विचारलें तर एक नांव सांगतां येत नाहीं. पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपत आलेलें आणि नवें शेतांतच. पुरानें वाटा तुटलेल्या. आई स्वतः अठरा-एकोणीस वर्षांची, रक्त कमी असलेली. मूल जन्मतःच हलकें. आणि मग एखादा साधा ताप किंवा हगवण पुरेशी होते. दिवाळीनंतर निम्मीं गांवें मजुरीसाठीं खालीं उतरतात, तेव्हां मुलांचीं वजनें कोण घेणार? या कामाला आपलें आयुष्य देणारे लोकही झाले. बैरागडला डॉक्टर रवींद्र कोल्हे व डॉक्टर स्मिता कोल्हे यांनीं संसार मांडला. त्या दोघांस २०१९ सालीं पद्मश्री मिळाली. धारणीजवळ डॉक्टर आशिष सातव यांनीं १९९८ च्या सुमारास इस्पितळ उभें केलें. पूर्वीपेक्षां स्थिति सुधारली आहे, मिटलेली नाहीं. ‘मोजणें लवकर संपलें’ असें आम्हीं वर जें लिहिलें त्याचा अर्थ वाचकांच्या ध्यानीं आलाच असेल.

आणि येथें एक गोष्ट कबूल केलेली बरी. कांहीं वर्षांपूर्वीं अमरावतींत आमच्या घराचा वरचा मजला बांधविला तेव्हां विटा-रेती वाहणाऱ्या बायका मेळघाटच्या होत्या. तीन महिने त्या आमच्या आवारांत होत्या, पाण्याचा नळ आमचाच वापरीत, आणि त्यांचीं मुलें फाटकापाशीं झोळींत निजत. काकूंनीं त्यांस रोज कांहींतरी उरलेलें दिलेंही असेल. पण त्या आपसांत जी भाषा बोलत ती कोणती, हें सबंध घरांत एकानेंही विचारलें नाहीं. हिमालयांतल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यांतलीं पोवळीं मात्र आम्हीं तीन रात्री निरखून पाहिलीं.

चौथ्या दिवशीं सकाळीं धुकें इतकें होतें कीं मोटारीचे दिवे लावून निघावें लागलें. म्हातारा निरोपाला रस्त्यावर येऊन उभा होता. ठरलेल्या मजुरीवर आम्हीं कांहीं जास्त देऊं केलें. त्यानें ठरली तेवढीच घेतली आणि मुलांच्या हातांत आंबूस रानफळांचा द्रोण ठेवला. काकूंनीं कांच खालीं करून त्याला जवळ बोलाविलें आणि हळूच कांहींतरी विचारलें. त्यानेंही वांकून हळूच सांगितलें. काय विचारलें, तें त्यांनीं घाटभर आम्हांस सांगितलें नाहीं. खालीं उतरल्यावर ऊन लागलें, आणि परतवाड्याच्या बाजारांत आम्हीं नेहमींप्रमाणें खवा घेतला.

सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे श्राद्ध असतें. आमचे वडील, आजोबा, पणजोबा, मातुल घराणें, सारें यथासांग झालें. शेवटीं गुरुजींनीं विचारलें, आणखी कोणाचें नांव घ्यावयाचें आहे काय? स्वयंपाकघराच्या दारांतून काकू म्हणाल्या, “एक आहे,” आणि त्यांनीं एक नांव सांगितलें. गुरुजींनीं तें पुन्हा एकदां विचारून घेतलें. त्या म्हाताऱ्याला हें सांगितलेलें नव्हतें, आणि त्याच्या सिडोलीची जागा हें भरून काढतें कीं नाहीं, तें आम्हांस ठाऊक नाहीं. धर्मशास्त्रांत हें कसें बसतें तेंही आम्हीं अजून कोणास विचारलेलें नाहीं.

“गोत्र?” गुरुजी म्हणाले. “माहीत नसेल तर कश्यप म्हणावं.”

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “जांभूळ.”

गुरुजींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं दर्भ सारखे केले, आणि त्यांनीं पुढचा मंत्र सुरू केला.